साइड रोल म्हणजे नक्की कुठला?

सोलापूर,
रविवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

मालिकेत हिरोच्या गॅरेजवाल्या मित्राचं काम विचारलंय, ते घ्यायचं की नाटकाचा दौरा करायचा, हे ठरत नाही म्हणालास, आणि "साइड रोलच आहे गं," म्हणून तू काल फोन ठेवलास. बाबांनाही ते लगेच पटलं. त्यांना पडद्यावर हिरो आणि व्हिलन असे दोनच जण दिसतात, बाकीची मंडळी म्हणजे गर्दी. पण मी इतकी वर्षं नाटकवाल्यांचे कपडे शिवतेय, मला काही ते पटेना. फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय.

राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग लागले की आपल्या घरात कापडांचा ढीग कसा पडायचा, ते तू पाहिलंयस. नायकाचे कपडे शिवायला सोपे. तो दोन तास समोर असतो, लोकांना हळूहळू कळत जातो. डोकं खातो तो एका प्रवेशापुरता येणारा सावकाराचा कारकून. त्याच्या हाती दोन मिनिटं. तेवढ्यात झिजलेली कॉलर आणि खिशावरचा शाईचा डाग बघून माणूस ओळखू आला पाहिजे. ते काम करणाऱ्या नटाची पंचाईत माझ्याहून मोठी. म्हणून छोटी भूमिका म्हणजे हलकी भूमिका असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

त्यात तुम्ही पोरं सगळ्याच छोट्या कामांना एका पिशवीत कोंबता. लग्नाच्या मांडवात मागे बसलेला माणूस ज्युनियर आर्टिस्ट. त्याला सहसा संवाद नसतो, चेहरा दिसला तर दिसला. एका दिवसापुरता येऊन "रिपोर्ट चांगला नाही" एवढं सांगून जाणारा डॉक्टर वेगळा, त्याला निदान वाक्य आहे. सिनेमात एखादा नावाजलेला नट एका दृश्यात येऊन जातो, त्याला आपण पाहुणा कलाकार म्हणायचो. आता मालिकावाले आठवड्याभराच्या कामालाही कॅमिओच म्हणतात, तेव्हा शब्दावर जाऊ नकोस, दिवस किती ते विचार. आणि कथेबरोबर शेवटपर्यंत चालणारी सहाय्यक भूमिका ही त्याहून निराळीच गोष्ट. आई, मामा, फौजदार, घरमालक अशी कॅरेक्टर कामं त्यातच आली. खलनायकही खरं तर कथा पुढे ढकलणारा गडी. त्याने काही केलंच नाही तर हिरोला घरी बसून राहावं लागेल!

अतुल कुलकर्णींचंच बघ. सोलापुरात वाढलेला, इथेच नाटकं केलेला माणूस. 'हे राम' आणि 'चांदनी बार' या दोन्ही सिनेमांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सहाय्यक अभिनेत्याचा. 'चांदनी बार'मधला गुंड पोत्या सावंत हिरो नाही, पण त्याला काढून टाक आणि मग तब्बूच्या त्या बाईची गोष्ट सांगून बघ. जमणार नाही. पुढे 2010 साली 'नटरंग'मध्ये ते नायक झाले. आधी पैलवानाचं अंग कमावलं आणि मग नाच्यासाठी तेच उतरवलं. म्हणजे एकदा सहाय्यक झालं की तोच शिक्का बसतो, ही तुझी भीती सगळ्यांच्या बाबतीत खरी नाही.

शिक्का बसतो हेही खरं म्हणा. शशिकला आपल्या सोलापुरात जन्मलेल्या. नायिका म्हणूनही त्यांनी कामं केली, पण लोकांच्या ध्यानात राहिली ती त्यांची खाष्ट, कारस्थानी बाई. 'आरती' आणि 'गुमराह' या दोन्हींसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. तुझी आजी पडद्यावर त्यांना बघून बोटं मोडायची, आणि त्यांचा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात जायची.

'सैराट'मध्ये परश्याचे मित्र नसते तर ती प्रेमकथा विहिरीपाशीच अडली असती. पळून जाताना मदत करायची, मार खायचा, सगळं त्यांच्याही वाट्याला. पण काही मालिकांत हिरोचा मित्र फक्त "अरे, पण तुझं तिच्यावर प्रेम आहे ना?" एवढं विचारायला ठेवलेला असतो. हिरोला मनातलं मोठ्याने बोलता यावं, ही त्याची सोय. तुझा गॅरेजवाला मित्र यातला कुठला, हे तुला ठाऊक आहे का? त्याला स्वतःचं घर, बहीण, कर्ज, भांडण काही दिलंय का? दिलं असेल तर पुढे त्याचा ट्रॅक, म्हणजे त्याची स्वतःची गोष्ट, निघू शकतो. मालिकेचं लेखन चालत्या गाडीत होतं, प्रेक्षकांना माणूस आवडला तर त्याला सीन वाढतात, आणि नाही आवडला तर त्याची गावाला बदली होते.

व्यवहाराचंही नीट बघ. मुख्य भूमिकेला मालिकेने महिन्याचे बहुतेक दिवस बांधून घेतलेले असतात, मधे दुसरं काम घेता येणं अवघड. सहाय्यकाला दिवस कमी, म्हणून पैसेही कमी, पण त्यात नाटकाची तालीम बसते. तुझ्याकडून किती दिवसांची हमी मागतायत आणि तुला किती दिवसांची देतायत, हे दोन्ही लेखी घे. मालिकांचे पैसे बऱ्याचदा तीन महिन्यांनी हातात येतात, तेव्हा खोलीच्या भाड्याची सोय आधी कर. लागले तर मला सांग, लाजू नकोस. आणि रोल देतो म्हणून आधी पैसे मागणारा भेटला तर चहासुद्धा न पिता उठायचं.

माझं मत विचारशील तर त्या मित्राला बहीण नाहीतर कर्ज असेल तर हो म्हण. नुसतं विचारायला ठेवलेला असेल, तर नाटकाचा दौरा सोडू नकोस.

तुझी
आई

ता. क. बोलण्यातलं आपलं सोलापुरी "काय बे" काढून टाक असं मालिकावाले म्हणाले, हे तू सांगत होतास. मित्र पुण्याचा असेल तर जरूर काढ. पण तो कुठला हे लेखकाने ठरवलंच नसेल, तर सोलापूरचा करता येईल का, एवढं दिग्दर्शकाला विचारून बघ. अक्कलकोटच्या आत्याचा कानडी हेलही तुला चांगला जमतो.