घाना की आयव्हरी कोस्ट? पगाराआधी चलन पाहा

महोदय,

सोलापुरातले फिटर, यंत्रमागावरचे जॉबर, डाइंग मास्टर आता आखाताबरोबरच पश्चिम आफ्रिकेतल्या नोकऱ्यांचीही चौकशी करू लागले आहेत. एजंटांच्या बोलण्यात मात्र ‘आफ्रिका’ हा जणू एकच देश असतो आणि पगाराचा आकडा थेट रुपयांत सांगितला जातो. घाना आणि आयव्हरी कोस्ट यांची सीमा एकमेकांना लागून आहे. 2021 च्या जनगणनेत दोन्हीकडची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास भरली आणि दोघेही कोकोचे मोठे उत्पादक आहेत. पण तिथे राहून घरी पैसे पाठवायचे म्हटले की दोन्ही देशांचा हिशेब पार वेगळा होतो.

सगळ्यात मोठा फरक चलनाचा. घानाच्या सेडीची किंमत बाजारात ठरते. 2022 च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण 6 सेडी पडत होते, नोव्हेंबरात 14 च्या घरात. म्हणजे 6,000 सेडी पगाराचे आधी 1,000 डॉलर होत होते, ते नोव्हेंबरात साडेचारशेच्या खाली आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथली महागाई 54 टक्क्यांवर गेली आणि सरकारने बहुतेक परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. 2025 मध्ये सेडी पुन्हा चांगलाच वधारला, पण अशा हेलकाव्यावर घराचा हप्ता बेतता येत नाही. आयव्हरी कोस्टमध्ये पश्चिम आफ्रिकी सीएफए फ्रँक चालतो आणि तो युरोला बांधलेला आहे: 1 युरो म्हणजे 655.957 फ्रँक. 3,00,000 फ्रँक पगार म्हणजे 457 युरो, यंदाही आणि पुढच्या वर्षीही. 2022 मध्ये तिथली महागाई 5 टक्क्यांच्या आसपासच राहिली. म्हणून घानाचा करार करताना पगार डॉलरमध्ये ठरवावा आणि पगाराच्या दिवशीच्या बँक दराने सेडी मिळतील, हे कलम लिहून घ्यावे. ‘आम्ही वाढवून देऊ’ या तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

दुसरी ठेच घरभाड्याची. घानाच्या 1963 च्या भाडे कायद्याप्रमाणे घरमालकाला सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडे मागता येत नाही. प्रत्यक्षात राजधानी अक्रामध्ये एक वर्षाचे, पुष्कळदा दोन वर्षांचे भाडे एकरकमी मागतात. नवा माणूस एवढी रक्कम आणणार कुठून? मग कंपनीकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही. आयव्हरी कोस्टच्या 2018 च्या कायद्याने दोन महिन्यांची अनामत आणि दोन महिन्यांचे आगाऊ भाडे एवढीच मर्यादा घातली आहे. तरीही तिथले सर्वात मोठे शहर आबिदजान एकूण महागडेच आहे. दोन्हीकडे ‘राहण्याची सोय कंपनीची’ एवढ्यावर थांबू नये. खोलीत किती जण, वीजबिल कोणाचे, नोकरी सुटल्यावर किती दिवस राहता येईल, हे करारात हवे.

मग आयव्हरी कोस्टच बरा का? इंग्रजीवर भागवणाऱ्याला नाही. तिथे करार, पगारपत्रक, यंत्रावरच्या सूचना, दवाखान्यातली चिठ्ठी, सगळे फ्रेंचमध्ये असते. कराराचे इंग्रजी भाषांतर हातात आल्याशिवाय सही करू नये. घानात इंग्रजी ही राजभाषाच असल्याने माणूस लवकर रुळतो. जेवणात भात दोन्हीकडे मिळतो. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच किसून, आंबवून, वाफवून आयव्हरी कोस्टमध्ये आचेके करतात. शाकाहारी माणसाने भाजीचा रस्सा विचारूनच घ्यावा, त्यात सुकी मासळी असू शकते. अक्रात घरोघरी पाण्याच्या मोठ्या टाक्या दिसतात आणि पिण्याला अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक पिशव्या. पाण्याच्या पाळीला सरावलेल्या सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

आरोग्याच्या बाबतीत मात्र दोन्ही देश सारखेच आहेत आणि इथे हयगय नको. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सरकारने नेमलेल्या केंद्रावरच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते. विमानाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. परतताना ते जवळ नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, जिवावर बेतणारा, आणि त्यावर क्लोरोक्विन हे मलेरियाचे जुने औषध चालत नाही. डॉक्टरांनी मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर ती परत आल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची असते. सोलापूरला उतरताच गोळ्या बंद करणे हीच नेहमीची चूक. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नये, डॉक्टरांना प्रवासाचे सांगून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

ज्या देशांसाठी दहावी न झालेल्यांना सरकारची उत्प्रवास मंजुरी (नोकरीसाठी परदेशी जाण्याची परवानगी) लागते, त्या यादीत हे दोन्ही देश नाहीत. त्यामुळे निघण्यापूर्वी करार सरकारी नजरेखालून जातच नाही, आणि नेमके याच फटीत फसवणारे शिरतात. एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. अक्रात भारताचे उच्चायुक्तालय आणि आबिदजानमध्ये दूतावास आहे. कंपनी खरी आहे का, हे निघण्याआधी त्यांना ईमेलने विचारता येते. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्राने ही माहिती मराठीत आणि तेलुगूत छापून अक्कलकोट रस्ता व चिंचोळी एमआयडीसीत लावावी, आयटीआयच्या शेवटच्या वर्षातील मुलांच्या हाती द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, सोलापूर