रिफॉर्मर (पिलाटेस व्यायामाचं स्प्रिंगवालं मशीन) वापरणाऱ्या सगळ्यांसाठी (सकाळ + संध्याकाळ बॅच)

मंडळी, पावसाळा लागलाय, गंगापूर रोडला ओल किती असते ते माहितीये सगळ्यांना, आणि स्प्रिंगला गंज धरायला एवढं पुरे होतं, त्यामुळे मशीनवर आडवं व्हायच्या आधी खाली वाकून स्प्रिंग बघाच. ताण नसताना वेटोळी एकमेकांना चिकटलेली हवीत, मधे फट दिसली, वाकडेपणा किंवा गंज दिसला, हुक ढिला वाटला तर त्या मशीनवर बसू नका, लगेच ताईंना सांगा. बनवणाऱ्या कंपन्या साधारण 2 वर्षांनी स्प्रिंग बदला म्हणतात, वरून चांगली दिसली तरी, कारण धातू आतून थकतो आणि ऐन व्यायामात तुटली तर लागतं हो, खरंच लागतं.

अजून एक, कमी स्प्रिंग म्हणजे सोपं असं नाही!! प्लँकला किंवा उभं राहून करताना हलकी स्प्रिंग असली की कॅरेज (रुळावर सरकणारी गादी) सटकन पळते, म्हणून स्प्रिंग स्वतःच्या मनाने बदलू नका. चढताना-उतरताना कॅरेज पूर्ण आत, स्टॉपरला टेकलेली हवी.

रुळावर केस आणि धूळ साचते, चाकं खडखड करतात, कोरड्या फडक्याने पुसा, घरचं खोबरेल वगैरे अजिबात नको, त्याला धूळच चिकटते. गादीला सॅनिटायझर मारू नका प्लीज, रेक्झिन तडकतं, साबणाच्या पाण्याचा ओला कपडा फिरवा आणि मग कोरडा.

दोरीचे धागे सुटलेले दिसले तर फोटो काढून इथेच टाका.