अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर घ्यावं का, असं तू विचारलंस. दवाखान्यातली रात्रपाळी संपवून घाटातून एकटी गाडी चालवत येतेस, त्यामुळे तुझी काळजी मला पटते. माझी सगळी नोकरी पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात झाली, म्हणून नीट लिहून कळवतो.

'निर्भीक' २०१४ च्या जानेवारीत आलं, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचं. दिल्लीच्या निर्भयाची आठवण म्हणून ते नाव, आणि खास महिलांसाठी म्हणून जाहिरात. टायटॅनियम मिश्रधातूचा सांगाडा, ०.३२ बोअर (म्हणजे नळीचा व्यास इंचात), सहा काडतुसं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. तेव्हा किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास. रचना वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या पद्धतीची, वरून मोडून उघडते. त्याच कानपूरचं 'प्रबल' २०२३ मध्ये आलं. बोअर तेच, पण वजन ७०० ग्रॅमच्या आसपास आणि काडतुसांची चक्री बाजूला उघडते.

तुला भुरळ पडली आहे ती त्या २०० ग्रॅमच्या फरकाची. पर्समध्ये तो फरक सुखाचा आहे, हातात आलं की उलटं होतं. काडतूस एकच असेल तर हलकं शस्त्र मागे जास्त उसळतं; ७०० ऐवजी ५०० ग्रॅम असेल तर धक्क्याची ऊर्जा जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते. ०.३२ चं काडतूस मुळात सौम्य आहे, त्यामुळे तुझ्या मनगटाला ते सहज झेपेल. मला काळजी चापाची आहे. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) आधी न चढवता नुसता चाप ओढायचा तर रिव्हॉल्व्हरला साधारण चार-पाच किलोचा जोर लागतो. शस्त्र अर्ध्या किलोचं आणि बोटाचा जोर त्याच्या आठ-दहा पट! नवशिक्याच्या हातात नळी अशा वेळी बाजूला ओढली जाते. त्यात नळी आखूड, म्हणजे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच एकमेकींच्या जवळ. नेमातली जराशी चूक दहा पावलांवर मोठी होते. भरपूर सराव असलेल्या हातालाच हलकं रिव्हॉल्व्हर मानवतं. तुझ्या हाताला तो सराव नाही, म्हणून माझं मत 'प्रबल'सारख्या जड शस्त्राकडे झुकतं.

रिव्हॉल्व्हर ही निवड मात्र बरोबर आहे. पिस्तुलासारखं काडतुसांचं मॅगझिन नाही, मागे ओढायची स्लाइड नाही. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. घाबरलेल्या माणसाला एवढं सोपं शस्त्रच वापरता येतं. फक्त काडतुसं वर्षानुवर्षं तीच ठेवू नकोस.

आता वेळेचं गणित. अमेरिकेत डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस सार्जंटने १९८३ मध्ये लिहून ठेवलं आहे की २१ फुटांवरचा माणूस सुमारे दीड सेकंदात अंगावर येतो. पर्सची चेन उघडायची, स्टेथोस्कोप, रुमाल, चाव्या बाजूला सारायच्या, मूठ धरायची; दीड सेकंदात होईल? पर्समध्येच ठेवणार असशील तर त्याला स्वतंत्र कप्पा हवा, त्यात दुसरी एकही वस्तू नको. चापात किल्ली अडकली तर काय होईल, हे तुला सांगायला नको.

तू शस्त्रक्रियागृहात असताना ती पर्स कुठे असेल, याचा विचार केलास का? मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. ड्युटी रूमच्या कपाटाची चावी कितीजणांकडे असते? क्वार्टर्समधली मुलं तुझ्याकडे खेळायला येतात. परवाना तुझ्या नावाचा, म्हणजे ते शस्त्र विश्वासाने सिस्टरच्या हाती देता येणार नाही. मलाही देता येणार नाही. पक्कं बसवलेलं लोखंडी लॉकर घरी आणि दवाखान्यात, दोन्हीकडे लागेल. ते जमणार नसेल तर शस्त्र घेऊच नकोस, असं मी स्पष्ट सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला, अपहरण किंवा जिवावरचा हल्ला होत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ नुसार बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. पण कलम ३७ सांगतं की बचावापुरतीच इजा करायची, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. पळणाऱ्यावर गोळी झाडलीस तर आरोपी तू. तुझ्या भागात अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस चौकशी होते. परवाना मिळेलच असं धरून चालू नकोस. मिळाला तर निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावं लागू शकतं. त्या दिवसांतही रात्रपाळी असेलच, म्हणून ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक मोबाईलवर एका बोटाने लागेल असा ठेव, आणि रात्री घाट उतरताना दवाखान्याची दुसरी गाडी सोबत मिळते का, ते आजच विचार.

अर्जासाठी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतंच. ते प्रशिक्षण आधी कर. परवानाधारक विक्रेत्याकडे दोन्ही रिव्हॉल्व्हर रिकामी हातात घेऊन बघ. विक्रेत्याच्या परवानगीने, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरून दोन्हींचा चाप सावकाश ओढ आणि माशी किती हलते ते पाहा. मी सोबत येतो. तुझी सुट्टी कधी आहे ते कळव, त्याप्रमाणे एसटीचं आरक्षण करतो. आईने मेतकूट करून ठेवलं आहे, तेही आणतो.

तुझे,
बाबा