कीबोर्डचे पाय दुमडणाऱ्या ताईंना

ताई,

समोर येऊन सांगायला गेले तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावाल, म्हणून लिहितेय.

वर्षभर माझा उजवा हात माझा राहिला नव्हता. रात्री दोन-तीनदा जाग यायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर, करंगळी तेवढी शाबूत. अंधारात हात झटकत बसायचं. सकाळी कुर्त्याचं बटण लावताना रडू यायचं. ऑफिसात सांगितलं तर एक फॉर्म मिळाला आणि मनगटाखाली ठेवायला जेलची उशी. टाइप करताना तिच्यावर मनगट टेकलं की दुखणं वाढायचं, पण उशी दिली म्हणजे त्यांचं काम संपलं. साहेब तर हसून म्हणाले, "मोबाइल कमी बघ." मग चिडून मीच दिव्यांचा लखलखाट करणारा महागडा कीबोर्ड घेतला. तोही तितकाच रुंद, तितकाच उंच!

तुम्ही मात्र खुर्ची ओढून शेजारी बसलात. "तू काम कर, मी बघते." दहा मिनिटं नुसतं बघितलंत. मग कीबोर्ड उलटा केलात आणि मागचे दोन पाय टक् टक् दुमडलेत. "हे उभे असले की मनगट वर वाकतं. आता बघ." खरंच हात सरळ झाला. सल्ले ढीगभर मिळाले होते ताई, पण काम करताना माझा हात कुणी पाहिलाच नव्हता.

बाकीचं हळूहळू आलं. उजवीकडची आकड्यांची पट्टी नसलेला कीबोर्ड आला, तसा माउस जवळ आला आणि खांदा सुटला. डॉक्टरांकडेही तुम्हीच पिटाळलंत. आणि तुमचा तो उभा माउस, हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसा धरायचा. पहिले चार दिवस बाण भलतीकडेच पळायचा. "लगेच विकत घेऊ नकोस, पंधरा दिवस माझा वापर," म्हणालात. ते पंधरा दिवस तुम्ही साधा माउस डाव्या हाताने चालवलात, हे मला फार नंतर कळलं.

तुमचा हात असाच आखडला होता तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, असं एकदा सहज बोलून गेलात. अशी माणसं बहुतेक कडू होतात. "आम्ही नाही का सोसलं" म्हणतात. तुम्ही कशा नाही झालात?

पूर्ण बरी नाहीये अजून, पण झोप लागते. माझा माउस आलाय. तुमचा सोमवारी आणते. पुसून ठेवलाय, फक्त अंगठ्याच्या जागी तुमच्या वापराने आलेली चकाकी काही जात नाही.