जपानीचा अभ्यास मोजायचा कसा?

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जपानी कुठवर आली, असे तू विचारले आहेस. वाचन जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-३ पातळीच्या उंबरठ्यावर आहे, श्रवण एन-४ चे आहे आणि बोलणे त्याहून मागे आहे. शिकवणी नाही, चाचणी घेणारे कोणी नाही, अशा घरच्या अभ्यासात हे ठरवण्याची रीत स्वतःच बसवावी लागते. माझी आता बसली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला आधार अर्थातच जेएलपीटी परीक्षेचा. २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत. सर्वांत सोप्या एन-५ ला १८० पैकी ८० गुण पुरतात, पण श्रवणात ६० पैकी किमान १९ मिळाले नाहीत, तर बाकीचे गुण कितीही असोत, उमेदवार अनुत्तीर्णच ठरतो. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. वाचन पुढे आणि कान मागे, हे घरी शिकणाऱ्याचे नेहमीचे दुखणे. त्यातही आपणा मराठी माणसांचे वाचन लवकर पुढे जाते, कारण क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि प्रत्यय नामाच्या शेवटी, ही घडण आपल्या अंगवळणी पडलेली असते. म्हणून माझ्या वहीत दोहोंची पाने वेगळी आहेत.

श्रवणासाठी मी एनएचके या जपानी प्रसारण संस्थेची सोप्या जपानीतली एखादी बातमी मजकूर न पाहता दोनदा ऐकतो आणि कळले तेवढे मराठीत लिहून काढतो. मग मजकूर उघडून, जे निसटले ते लाल शाईने खाली लिहितो आणि पुढे कारण नोंदवतो: शब्दच ठाऊक नव्हता, की ठाऊक असून कानाला ओळखू आला नाही. बातमी दर वेळी नवी घेतो. जुनीच घेतली तर परीक्षा कानाची न होता स्मरणशक्तीची होते. गेल्या पावसाळ्यातल्या पानांवर दुसऱ्या कारणाचीच गर्दी आहे, विशेषतः मोजणीच्या शब्दांपाशी. लांबट वस्तू मोजताना एकाला ‘इप्पोन’, दोनाला ‘निहोन’, तिनाला ‘सानबोन’ म्हणतात. एकच प्रत्यय तीन रूपे घेतो आणि बोलण्याच्या ओघात हातून निसटतो. आताच्या पानांवर लाल शाई बहुतेक नव्या शब्दांपुरतीच उरली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

कांजी, म्हणजे जपानी लिहिण्यात वापरली जाणारी मूळची चिनी चिन्हे, मात्र मी मोजत नाही. नित्य वापराच्या सरकारी यादीत २१३६ चिन्हे आहेत, आणि त्यांतली किती झाली हे सांगण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण जन्म आणि जीवन या अर्थांचे एकच चिन्ह ‘गाकुसेई’मध्ये ‘सेई’, ‘इश्शो’मध्ये ‘शो’, ‘उमारेरु’मध्ये ‘उ’ असे वाचले जाते आणि एकटे आले तर ‘नामा’ होते. मग ते आले असे म्हणायचे कधी? म्हणून मी शब्द मोजतो, आणि तोही वाक्यात न अडखळता वाचता आला तरच. अँकी या शब्दपत्त्यांच्या अ‍ॅपवर रोजची उजळणी होतेच, पण तिथला आकडा मेहनतीचा आहे, ज्ञानाचा नव्हे.

बोलणे जेएलपीटीत तपासलेच जात नाही, त्यामुळे तिथे फोनच परीक्षक. दर महिन्याला न थांबता बोलण्याचा प्रयत्न करून ते ध्वनिमुद्रित करतो. विषय आपल्या गावचेच: फुटाळा तलाव, संत्र्यांचा हंगाम, कामठीचे ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर, मूळचे जपानचे असूनही नागपूरला कर्मभूमी मानणारे भदंत सुरई ससाई. (त्यांच्यामुळे दीक्षाभूमीच्या या शहरात जपान कधी फार परका वाटलाच नाही.) सुरुवातीच्या मुद्रणांत जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘देस’वर, म्हणजे ‘आहे’वर, संपते, आता ‘कारा’ने कारण आणि ‘केदो’ने विरोध जोडून वाक्य लांबवता येते. विराम अजून फार आहेत, आणि सध्या सर्वांत जास्त कष्ट मी त्यांवरच घेतो आहे.

डिसेंबरच्या परीक्षेला एन-४ चा अर्ज भरणार आहे. केंद्र पुण्याचे घेईन, म्हणजे मुक्काम तुझ्याकडेच. त्या आठवड्याच्या शेवटी तू पुण्यातच असशील ना, ते कळव.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा मित्र