विविधतेचे कपाट वेगळे नको

संपादक महोदय,

शाळेच्या ग्रंथालयात ‘विविधता’ आणायचे ठरले की आधी नवी पुस्तके येतात आणि पाठोपाठ त्यांच्यासाठी वेगळे कपाट. या कपाटाने खरेदीवर पाणी पडते. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीची धमाल गोष्ट ‘दिव्यांगत्व’ अशी चिठ्ठी लावलेल्या खणात गेली, की मूल ती कणवेपोटी उचलते किंवा चारचौघांत नको म्हणून उचलतच नाही. ती इतर धमाल गोष्टींतच राहू द्यावी. विषयाची नोंद तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, पुरते, पुस्तकाच्या कण्यावर नको.

खरेदीआधी हाताशी असलेला संग्रह तपासावा. २,००० पुस्तके असतील तर १ ते २० मधला कोणताही आकडा चिठ्ठी टाकून काढावा आणि तिथून दाखल नोंदवहीतली (आलेले प्रत्येक पुस्तक जिथे क्रमाने नोंदतात ती वही) दर विसावी नोंद घ्यावी, म्हणजे १०० पुस्तकांचा नमुना मिळतो. कपाटातून मोजू नये, कारण त्या दिवशी मुलांच्या घरी असलेली, म्हणजे खरी वाचली जाणारी पुस्तकेच त्यातून निसटतात. प्रत्येक पुस्तकाला विचारायचे: मुख्य पात्र कोण, अडचण कोण सोडवते, चित्रांत कोण कोणते काम करताना दिसते, आणि लिहिणारी व्यक्ती त्या समाजातली की बाहेरची? बहुतेक जण नुसते चेहरे मोजून थांबतात. पण चाकाच्या खुर्चीतला मुलगा गोष्टीत असूनही केवळ इतरांना चांगुलपणा दाखवता यावा म्हणून असेल, तर संख्या वाढते आणि नुकसानही. म्हणून दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटले होते: आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून इतरांचे जग. काही मुलांना सगळे आरसेच मिळतात, काहींना नुसत्या खिडक्या. या तपासणीत जुनी, हिणवणारी पुस्तकेही हाती लागतात. ती बाद करताना हात आखडू नये.

वर्गीकरणाकडे तर कोणी पाहतच नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या १८७६ च्या ड्युई दशांश पद्धतीत धर्माच्या २०० च्या वर्गात २२० ते २८९ हे आकडे ख्रिस्ती धर्माला दिलेले आहेत आणि जगातले उरलेले धर्म २९० च्या घरात कोंबलेले. त्यामुळे त्यांचे क्रमांक लांबत जातात आणि मुलांना पुस्तक सापडत नाही. पर्यायी मांडणीची सोय खुद्द पद्धतीतच आहे, ती वापरावी.

दृष्टी अधू असलेल्या मुलांसाठी मोठ्या छपाईचा अक्षर आकार निदान १८ पॉइंट हवा. फोटोकॉपी मोठी करून भागत नाही, अक्षरे फुटतात आणि पाने हाताळता येत नाहीत. स्कॅन केलेली पीडीएफ ही नुसती चित्रे असतात, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात वाचायला काही सापडत नाही. देवनागरीत आणखी एक गोम आहे: मजकूर युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक संगणकीय क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर पडद्यावर मराठी दिसते आणि कानावर अर्थहीन अक्षरे पडतात. फाइल घेण्याआधी एक परिच्छेद ऐकून पाहावा. कॉपीराइटमधून सवलत देणाऱ्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारामुळे अधिकृत संस्थांना अशा वाचकांसाठी सुलभ प्रती हक्कधारकाच्या परवानगीविना करता येतात. शाळेने प्रत स्वतः करत बसण्यापेक्षा आधी त्यांच्याकडे विचारावे.

गोष्ट वाचून दाखवणारे बरेचदा खिडकीकडे पाठ करून बसतात. चेहरा काळोखात जातो आणि ओठांकडे पाहून समजून घेणारे मूल गोष्टीबाहेर राहते. उजेड वाचणाऱ्याच्या तोंडावर हवा. दोन कपाटांमध्ये ९० सेंटिमीटर मोकळी वाट आणि वळायला १५० सेंटिमीटर जागा नसेल, तर चाकाच्या खुर्चीला आत शिरताच येत नाही. पण ही वाट बहुधा नव्या पुस्तकांच्या खोक्यांनीच अडलेली असते!

द्विभाषिक पुस्तके घेताना दोन्ही भाषांची अक्षरे सारख्याच आकाराची आहेत का, हे पाहावे. घरची भाषा खाली बारीक छापलेली असेल तर मुलांना जे कळायचे ते कळतेच. भाषांतर ती भाषा बोलणाऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. शब्दकोशी भाषा तिथे लगेच अडखळते.

उरला दंडाचा प्रश्न. पुस्तक हरवले तर पैसे कुठून आणायचे, या धास्तीने काही मुले पुस्तक घरी नेतच नाहीत, आणि नोंदवहीत ती ‘वाचनाची आवड नसलेली’ ठरतात. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड बंद केला. शाळांनाही तो बंद करून फाटक्या-हरवलेल्या पुस्तकांसाठी खरेदीतलाच थोडा हिस्सा राखून ठेवता येईल. सत्र संपताना देवघेवीच्या नोंदींतून एकही पुस्तक न नेलेल्या मुलांची यादी काढावी आणि प्रत्येकाशी एकट्याने बोलावे. ही यादी वर्गात वाचू नये, फलकावर लावू नये.

– एक शालेय ग्रंथपाल