नाव नसलेल्या वादळाचं पाणी : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

चक्रीवादळ म्हटलं की शासनाला आधी कोकण आठवतं. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’नं श्रीवर्धन, दिवेआगरची जी दशा केली ती पाहता ते रास्तच आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा २०२१ चा अभ्यासही तेच सांगतो. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. पण म्हणून सोलापूर सुटलं असं कृपया समजू नका. आमचं संकट पूर्वेकडून येतं आणि या मोजणीत ते बसतच नाही.

१३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ एक डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालच्या पायरीचं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र, जमिनीवर आलं. तेलंगण ओलांडून दुसऱ्या दिवशी ते आमच्या डोक्यावर होतं. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. भीमेवरची उजनी (धरण) आधीच भरलेली, त्यात हा पाऊस. भीमेचं पाणी घराघरांत शिरलं. डाळिंबं झाडावरच तडकली, बागांत तेल्या रोग पसरला. ज्वारीच्या रानात कित्येक दिवस वापसाच (पेरणीजोगी ओल) नव्हता, चित्रा नक्षत्र तसंच सरलं.

या वादळाला नाव नव्हतं, कारण नाव मिळायला वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर लागतो. आम्हाला बुडवलं ते पावसानं. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणजे वादळं मोजायला कमी भरली, तरी एकेका वादळातून पडणारं पाणी वाढू शकतं.

म्हणून साहेब, आंध्रच्या किनाऱ्यावर डिप्रेशन येताच सोलापूर, धाराशिव, लातूरला पावसाच्या अंदाजावरून इशारा निघावा, वाऱ्याच्या वेगावर तो अडू नये. किनाऱ्यापासून आमच्यापर्यंत यायला त्याला साधारण एक दिवस लागतो. तेवढ्या वेळात नदीकाठची माणसं, जनावरं, पाण्याच्या मोटारी हलवता येतात. दुसरं, ऑक्टोबरात उजनी काठोकाठ ठेवायची की थोडी जागा राखायची, हे जलसंपदा खात्यासोबत बसून ठरवा. उन्हाळ्यात पाणी पुरवायचं असतं, त्यामुळे हा निर्णय सोपा नाही, हे आम्ही जाणतो. पण तो उपसागरावर ढग जमल्यावर घाईत होऊ नये. सप्टेंबरअखेर हस्त नक्षत्र लागायच्या आत तो लेखी जाहीर व्हावा आणि भीमाकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

कळावे,
आपला,
सोलापूर जिल्ह्यातील एक डाळिंब उत्पादक